छातीत धडधड होते? आधी श्वास, मग अर्जुनसाल, आणि जेष्ठमध जरा जपून

रात्री अडीचला फोन वाजला की काळजात धस्स होतं, राँग नंबर निघाला तरी पुढची दहा मिनिटं छाती धडधडतच राहते. (काळीज म्हणजे खरं तर लिव्हर, मटणवाल्याकडे मागून बघा, पण ते असो.) घाबरतो मेंदू आणि धावायला लागतं हृदय, कारण दोघांच्या मध्ये वायरिंग आहे. त्यातली मोठी वायर म्हणजे व्हेगस नर्व्ह, मेंदूपासून निघून मानेतून हृदय, फुफ्फुसं, पोट असं करत खाली जाते आणि हृदयाला ब्रेक लावते. गंमत म्हणजे तिच्यातले बहुतेक तंतू खालून वर बातमी नेणारे असतात, म्हणजे मेंदू जेवढं सांगतो त्याहून जास्त ऐकतो. म्हणूनच खालून शांत केलं तर वर पण शांत होतं.

आता करून बघा. मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी धरा आणि हळू श्वास घ्या, सोडा. घेताना ठोके किंचित पटापट पडतात आणि सोडताना रेंगाळतात. तरुण माणसाला हे पटकन कळतं, वय वाढलं की फरक कमी होतो, त्यामुळे नाही जाणवलं तर लगेच घाबरू नका. ब्रेक लागतो तो श्वास सोडताना, मग सोडणं लांबवायचं, एवढंच तंत्र आहे. नाकाने चार आकडे मोजत घ्यायचा, सहा आकडे मोजत सोडायचा, म्हणजे मिनिटाला साधारण 6 श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. हार्टचा त्रास असेल तर श्वास रोखून धरू नका, आणि चक्कर आली तर थांबायचं, हट्ट नाही करायचा. मी हे बसमध्ये पण करते, शेजारच्याला कळत नाही.

आता वनस्पती. हृदयासाठी आपल्याकडे पहिलं नाव अर्जुनाचं, म्हणजे अर्जुनसादडा, नदीकाठी उंच वाढतो आणि साल गुळगुळीत पांढरट असते. काष्ठौषधीच्या दुकानात सालीची भरड मिळते, मैद्यासारखी बारीक पावडर घेऊ नका, गाळताना फार वैताग येतो. क्षीरपाकाचं, म्हणजे औषध घालून आटवलेल्या दुधाचं, जुनं माप सोपं आहे, औषधाच्या आठपट दूध आणि दुधाच्या चौपट पाणी. म्हणजे 5 ग्रॅम भरड, 40 मिली दूध, 160 मिली पाणी. आधी पातेल्यात फक्त दूध ओतून लाकडी चमचा उभा बुडवा, दूध कुठपर्यंत आलं तिथे पेन्सिलने खूण करा, मग पाणी आणि भरड घाला आणि मंद आचेवर पाणी आटून परत त्या खुणेपर्यंत येईस्तोवर उकळा. गॅस मोठा केलात की ओट्यावर सगळा रबडा होतो, मी केलाय. गाळून कोमट प्यायचं, तुरट लागतं, जीभ आवळते. यावर छोटे-मोठे अभ्यास झालेत, पण बीपीची किंवा हार्टची गोळी बंद करून हे घ्यावं असं कुठल्याच अभ्यासातून निघत नाही. गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगूनच सुरू करा. आणि छातीत दाब येतोय, घाम फुटलाय, हात-जबडा दुखतोय, तर क्षीरपाक नाही, सरळ 108.

झोपेसाठी जायफळ, सहाणेवर एक-दोन वळसे उगाळून दुधात, बास. पुरणपोळी-श्रीखंडानंतर जी गुंगी येते तिचा दोष आपण जायफळाला देतो, मला वाटतं चौथ्या पोळीचाच जास्त असतो. पण चमचाभर जायफळ खरंच विषारी पडतं, त्यामुळे हात आखडता ठेवा. अश्वगंधा हल्ली सगळेच घेतात, पण थायरॉइडची किंवा झोपेची गोळी चालू असेल, लिव्हरची तक्रार असेल किंवा प्रेग्नंट असाल तर मनाने नको.

आता जेष्ठमध. आमच्या आईला बीपीची गोळी चालू आहे आणि घसा खवखवतो म्हणून ती रोज दोन वेळा जेष्ठमधाचा काढा घ्यायला लागली. तीनेक आठवड्यांनी घोट्यांवर सूज, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा, आणि बीपी वर. डॉक्टरांनी विचारलं, काकू नवीन काय चालू केलंत? आई म्हणाली, काहीच नाही. कारण काढा तिच्या लेखी औषधच नव्हतं! जेष्ठमधातला गोड घटक शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम बाहेर काढतो, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी घसरतं आणि ठोक्यांची लयच बिघडू शकते. काढा बंद केला, हळूहळू सूज उतरली.

"झाडपाल्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी सर्पगंधेची गोष्ट सांगते. मुंबईचे हार्टचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं की सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरतं, जगभर नाव झालं, 1952 मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हा घटक वेगळा काढला आणि त्याच्या गोळ्या सगळीकडे गेल्या. बीपी उतरायचं, पण काही पेशंट उदास झाल्याच्या तक्रारी यायला लागल्या; रेसर्पिन मेंदूतला सेरोटोनिन वगैरे रसायनांचा साठा रिकामा करतं. वायरिंग एकच, खालचं बटण दाबलं तर वरचा दिवा पण मंद होणारच. त्यामुळे सर्पगंधा घरी आणूच नका, कोणी कितीही खात्रीने पुडी दिली तरी.

आता आईच्या फोनमध्ये एक फोटो आहे, गोळ्यांची पाकिटं, अर्जुनाची बरणी, काढ्याचा डबा, सगळं एका टेबलावर मांडून काढलेला. डॉक्टरकडे गेलं की ती तोच पुढे करते.