पार्टनर ‘अजून एक’ म्हणतोय? जोडीने व्यायाम करताना या चुका टाळा

सोबत कुणी असलं की माणूस जास्त जोर लावतो, हे जुनं निरीक्षण आहे. ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात बर्लिनमधल्या नौकानयनपटूंना जोडीने वजन उचलायला लावलं. एकाने हात टेकले की दोघांचंही संपलं, अशी अट होती. जोडीतला कमी ताकदीचा गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त टिकला. मात्र हा फायदा सगळ्यात जास्त दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असताना. फरक फार मोठा किंवा अगदीच नगण्य असलेल्या जोड्यांमध्ये तो कमी झाला.

म्हणजे जोर लावायला लावणारा पार्टनर मिळणं चांगलंच. बिघडतं ते जोर किती आणि कुठे लावायचा हा निर्णय सेट (न थांबता सलग वजन उचलण्याची एक फेरी) चालू असताना, आरडाओरड्याच्या भरात घेतला जातो तेव्हा. किती वजन, किती रेप (वजन एकदा खाली-वर करणं म्हणजे एक रेप) आणि कुठे थांबायचं हे बार, म्हणजे प्लेट लावायचा लोखंडी दांडा, हातात घेण्याआधी ठरलेलं हवं. ठरलेलं पूर्ण करून घेणं एवढंच पार्टनरचं काम. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

चूक १: त्याच्या प्लेट तुमच्या बारवर तशाच राहणं

यामागे दरवेळी ईर्षाच असते असं नाही. बऱ्याचदा प्लेट काढा-घालायचा कंटाळा असतो. त्याचा सेट झाला, बार भरलेलाच आहे, मग ‘याच्यावरच मार ना, मी आहे’.

वजन एकसारखं ठेवू नका, टक्केवारी एकसारखी ठेवा. एका रेपला जास्तीत जास्त किती वजन उचलता येईल याचा अंदाज काढायला सोपं सूत्र आहे: रेपच्या संख्येला ३० ने भागा, त्यात १ मिळवा आणि येणाऱ्या आकड्याने वजनाला गुणा. ६० किलोचे ८ रेप जेमतेम निघत असतील तर अंदाज ७६ किलो. पार्टनर ९० किलोचे ८ मारत असेल तर त्याचा ११४. दोघांनीही ७५ टक्क्यांवर ८-८ चे सेट करायचे ठरवले, तर तुमच्या वाट्याला साधारण ५७ किलो येतात आणि त्याच्या वाट्याला ८५. हा अंदाज १० रेपपर्यंत ठीक चालतो, त्यापुढे भरवसा कमी.

आता प्लेटची मांडणी. तुमचं वजन ५५ धरा. २० किलोच्या बारला दोन्ही बाजूंना १५ आणि २.५. त्याच्या ८५ साठी त्यावर दोन्ही बाजूंना आणखी एकेक १५ ची प्लेट. दोघांचा सामायिक भाग आत राहतो, दर वेळी बाहेरची एकच प्लेट चढवायची-उतरवायची. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि एकदमच काढायचं. रॅकवरच्या, म्हणजे स्टँडवर ठेवलेल्या, बारची एक बाजू पूर्ण रिकामी केली आणि दुसरीकडे जड प्लेट राहिल्या, तर बार त्या बाजूला कलंडतो आणि रिकामं टोक उसळतं. बार २० चाच आहे ना, हेही एकदा पाहून घ्या. १५ किलोचे आणि त्याहून हलके बारही असतात, त्यामुळे हिशेब चुकतो.

रॅकची उंची हा यातला विसरला जाणारा भाग. उंच पार्टनरच्या मापाने बार ठेवलेला असेल तर बुटक्याला तो टाचा उचलून काढावा लागतो. पाठीवर वजन घेऊन चवड्यांवर उभं राहणं धोक्याचंच. बार छातीच्या मध्याच्या आसपास हवा, म्हणजे गुडघे किंचित वाकवून खाली शिरता येतं. उंचीत फार फरक असेल तर स्क्वॉटसाठी (खांद्यांवर बार घेऊन बसणं-उठणं) वेगळे रॅक घ्या, नाहीतर दर सेटला बार टेकवायचे हुक आणि सेफ्टी पिन (बार सुटला तर अडवणारे रॅकमधले आडवे दांडे) यांची उंची बदला.

चूक २: प्रत्येक सेट शेवटच्या दमापर्यंत ओढणं

पहिल्याच सेटला पूर्ण संपलात तर पुढचे सेट कोसळतात. एकाच वजनावर १०, ६ आणि ४ असे २० रेप होतात. तिथेच दोन रेप राखून थांबलात तर ८, ८, ८ असे २४ निघू शकतात, तेही नीट. स्नायू वाढायला दर सेटला हात टेकायची गरज नसते. शेवटचे एक ते तीन रेप शिल्लक असेपर्यंत पोहोचलात तरी बहुतेक काम झालेलं असतं.

उलट बाजूही खरी आहे. नवशिके ‘आता दोनच उरले’ म्हणतात तेव्हा अनेकदा चार-पाच उरलेले असतात, आणि तिथे पार्टनरचं ‘अजून आहेत तुझ्यात’ हे बरोबरच असतं. मग ओळखायचं कसं? चेहऱ्याकडे नको, बारच्या वेगाकडे बघा. पाचवा रेप पहिल्याइतक्याच वेगाने वर गेला असेल तर जागा आहे. बार स्पष्ट मंदावला, मध्ये अडखळून वर गेला, तर एखाद-दुसराच उरला आहे. चेहरा वाकडा होणं आणि ओरडणं यावरून काहीच कळत नाही.

मर्यादा व्यायामानुसार ठरवा. स्क्वॉट, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) आणि बेंच प्रेसला (बेंचवर झोपून बार वर ढकलणं) दोन रेप राखून थांबायचं. बायसेप्स कर्ल, साइड रेज, लेग एक्स्टेन्शन यांच्या फक्त शेवटच्या सेटला अगदी संपेपर्यंत जायला हरकत नाही. तिथे रेप अर्ध्यात सुटला तरी अंगावर काही पडत नाही. पार्टनरची सगळी हौस या सेटला भागवून घ्या.

चूक ३: स्पॉट देणं म्हणजे उचलून देणं

स्पॉट देणं म्हणजे वजन सुटलंच तर सावरायला जवळ उभं राहणं. पण बेंच प्रेसला एक झोपलेला असतो, दुसरा डोक्यापाशी उभा राहून ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ म्हणत बार ओढत असतो. शेवटच्या चार रेपमध्ये नक्की किती वजन कुणी उचललं, हे दोघांनाही सांगता येत नाही. खालच्याला वाटतं ताकद वाढली. पुढच्या आठवड्यात ५ किलो चढतात, आणि स्पॉट देणारा एक दिवस आला नाही की बार छातीवर बसतो.

सेटच्या आधी तीन गोष्टी मोठ्याने बोला: किती रेप मारणार, बार रॅकमधून काढून द्यायचा की नाही, आणि हात कधी लावायचा. काढून द्यायचा असेल तर ‘एक, दोन, तीन’ नंतर दोघांनी एकाच वेळी. बार खांद्यांच्या वर स्थिर होईपर्यंत स्पॉटरने सोडायचा नाही, आणि सोडला की रेप संपेपर्यंत स्पर्श नाही. हात बारच्या खाली, त्याच्यासोबत वर-खाली जाणारे, पण न लागलेले.

हात लावायचा तो तीनच वेळा: बार वर जाता जाता थांबला आणि खाली यायला लागला, एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट खाली गेली, किंवा खालच्याने ‘घे’ म्हटलं. बार बहुतेकांचा छातीपासून थोडा वर गेल्यावर अडतो. तिथे कोपरं बाहेर फाकतात, कंबर बेंचवरून उचलली जाते, बार चेहऱ्याकडे किंवा पोटाकडे सरकतो. बार तिथे क्षणभर रेंगाळला आणि अजून वर सरकतोय, तर थांबा, तो रेप त्याचा आहे. एकदा घेतला की मात्र नीट घ्या: त्याच्या दोन हातांच्या मधे, एक तळवा वर, एक खाली, आणि सरळ रॅकमध्ये. ‘घे’ ऐकल्यावर ‘नाही, होईल तुझ्याने’ असं म्हणणारा स्पॉटर बदलावा. यात तडजोड नको.

मदतीने झालेला रेप नोंदीत धरायचा नाही. ८ मधले शेवटचे २ मदतीने झाले असतील तर वहीत ६ लिहायचे. आणि सेटमध्ये एकाहून जास्त रेपला मदत लागली, तर पुढच्या सेटला वजन ५ टक्क्यांनी उतरवा.

स्क्वॉटला एकच स्पॉटर असेल तर तो मागे, अगदी जवळ उभा राहतो आणि हात काखेखालून छातीजवळ नेतो. गरज पडली तर त्याचं धड वर उचलायचं. बार मागे ओढलात तर खालचा माणूस तोल जाऊन मागे पडतो. दोन स्पॉटर असतील तर बारच्या दोन टोकांना, आणि एकदमच घ्यायचं. पण खरी सुरक्षा सेफ्टी पिनची. रिकाम्या बारने पूर्ण खाली बसा, बार जिथे येतो त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली पिन लावा. पार्टनर कितीही दणकट असला तरी ही पायरी सोडू नका.

डंबेल प्रेसला कोपरांखाली हात देणं चुकीचं. कोपर आधारलेलं असूनही आतून वाकतं आणि डंबेल तोंडावर येतं. मनगटाशी धरायचं. डेडलिफ्टला स्पॉट नसतोच. नाही गेलं तर बार खाली ठेवायचा, मागून कंबर धरून ओढायचं नाही.

चूक ४: ‘कसाही उचल, पण उचल’

रेप मोजणाऱ्याने हालचालही मोजायला हवी. कोणता बिघाड दिसला की सेट संपला, हे आधीच ठरवा. स्क्वॉटमध्ये टाच उचलली जाणं, गुडघे आत कोसळणं, किंवा नितंब आधी वर जाऊन छाती मागे राहणं. डेडलिफ्टमध्ये पहिल्या रेपला सरळ असलेली पाठ नंतर गोल होणं. कर्लमध्ये कंबरेचा झोका. नियम असा ठेवा: पहिला बिघडलेला रेप दिसला की पार्टनरने एकच सूचना द्यायची, ‘गुडघे बाहेर’ किंवा ‘छाती वर’. पुढच्या रेपला सुधारला नाही तर ‘रॅक’, म्हणजे बार परत ठेवायचा. डेडलिफ्टला मात्र सूचनेची वाट बघू नका, पाठ गोल झाली की खाली ठेवा.

एका वेळी एकच सूचना. वजन अंगावर असताना ‘श्वास घे, खाली बघू नको, टाच दाब, जोर लाव’ असं चौफेर ऐकू आलं तर कुणालाच काही पाळता येत नाही.

चूक ५: विश्रांती चोरणं

दोघं आलटून-पालटून करतात तेव्हा त्याचा सेट संपला की लगेच तुमचा नंबर. त्याच्या सेटला ४० सेकंद आणि प्लेट बदलायला अर्धं मिनिट, म्हणजे तुम्हाला जेमतेम ७० सेकंद मिळाले. मोठ्या व्यायामांना २ ते ३ मिनिटं लागतात, ५ किंवा त्याहून कमी रेपच्या जड सेटना ३ ते ५. घड्याळ लावा. तिघं असतील तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

चूक ६: मोठ्या सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी जुना हिशेब

पार्टनर चालूच होता, तुम्ही महिनाभर नव्हतात. तो जिथे आहे तिथूनच सुरुवात होते, वर ‘आज पाय मोडूनच घरी जायचं’. महिनाभर न वापरलेल्या किंवा नव्या स्नायूंवर एकदम खूप रेप टाकले, विशेषतः वजन सावकाश खाली आणण्याचे, तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक रक्तात उतरू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उष्णता, कमी पाणी आणि दारू यांनी धोका वाढतो. असं क्वचित होतं, पण ओळखता आलंच पाहिजे.

साधं अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरत जातं. लघवी गडद तपकिरी होणं, स्नायू टणक सुजणं, हात सरळच न होणं किंवा पायात जोर न राहणं ही लक्षणं वेगळी. एकही दिसलं तर ‘भरपूर पाणी पितो’ म्हणत थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

परतल्यावर पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या साधारण अर्ध्यावर आणि दोनच सेटवर राहा. दुसऱ्या आठवड्यात तिसरा सेट जोडा, मग वजन. स्नायू लवकर सावरतात, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात. त्यामुळे ‘वजन तर हलकं वाटतंय’ हे वाढवायला पुरेसं कारण नाही.

चूक ७: सगळ्या दुखण्याला एकच उत्तर

स्नायूच्या मध्यभागी हळूहळू चढणारी जळजळ चालेल. सांध्यात टोचणारी, अचानक आलेली, एकाच बाजूची किंवा हातापायात मुंग्या आणणारी वेदना आली की तो व्यायाम त्या दिवसापुरता बंद. छातीत दाब, भोवळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर सगळंच बंद, आणि छातीतला दाब असेल तर लगेच वैद्यकीय मदत. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी श्वास रोखून जड रेप मारू नयेत आणि पार्टनरला हे आधीच सांगून ठेवावं.

पार्टनरला सांगायचं कसं

सेट चालू असताना वाद घालू नका. वॉर्म-अपमध्येच सांगा: ‘आज बेंचला ५५ चे तीन सेट, ८-८. तिसऱ्याला जमले तर १०. बार खाली यायला लागला, एका बाजूला कलला किंवा मी घे म्हटलं तरच हात लाव. कर्लच्या शेवटच्या सेटला मात्र सोडू नकोस मला.’ शेवटचं वाक्य मुद्दाम बोला. जोर लावायला लावण्याची हौस असलेल्याला नुसतं ‘नको’ म्हटलं तर तो रुसतो, जागा दाखवली तर मनापासून राबतो.

वजन वाढवायचंही दोघांनी मिळून ठरवा. तीनही सेटला रेपच्या ठरलेल्या पट्ट्यातला (समजा ८ ते १०) वरचा आकडा विनामदत निघाला की पुढच्या वेळी बेंचला २.५ किलो आणि स्क्वॉटला ५. वही पार्टनरच्या हातात द्या आणि तुमचे रेप त्यालाच लिहू द्या.

एवढं करूनही तो ऐकत नसेल तर मैत्री मोडायची गरज नाही. स्क्वॉट आणि बेंच सेफ्टी पिन लावलेल्या रॅकमध्ये तुमच्या घड्याळाप्रमाणे उरका, आणि मशीन, केबल आणि कर्ल त्याच्यासोबत करा.