आर्डुइनो उनोवर पहिला एलईडी: आधी जोडणी, मग कोड

आर्डुइनो उनो म्हणजे संगणकावरून कोड भरून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड. त्यावर एलईडी पेटला नाही की नवशिके कोड उपसत बसतात. चूक बहुतेक वेळा ब्रेडबोर्डवर, म्हणजे सुटे भाग खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीवर, असते. म्हणून आधी कोडशिवायच एलईडी पेटवून घ्या.

सामान थोडंच लागतं: उनो बोर्ड (आर३), यूएसबी केबल, ब्रेडबोर्ड, ५ मिमीचा लाल एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग), दोन जंपर वायर. एलईडी आणि रेझिस्टर मात्र पाच-पाच घेऊन ठेवा.

२२० ओहमच्या चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर लाल, लाल, तपकिरी, सोनेरी असा क्रम असतो. तिसरा पट्टा नारिंगी असेल तर तो २२ किलोओहमचा, त्यावर एलईडी जेमतेम मिणमिणेल. तपकिरी आणि नारिंगी पिवळ्या उजेडात सहज फसवतात. मल्टिमीटर असेल तर मोजूनच घ्या. रेझिस्टर गाळायचा नाही. बोर्डाच्या ५ व्होल्टपैकी लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेले ३ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट १४ मिलिअँपच्या आत राहतो. रेझिस्टर नसेल तर ५ व्होल्टवर एलईडी जळतो, आणि डिजिटल पिनवर (कोडने चालू-बंद होणाऱ्या, आकडे लिहिलेल्या पिनवर) बोर्डाची चिपही धोक्यात येते. तिथे एका पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँप आहे.

आता जोडणी. यूएसबी काढून ठेवा. ब्रेडबोर्डवर मधल्या खाचेच्या एका बाजूची, एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. एलईडीचे दोन्ही पाय त्याच पाचांत घातले तर ते एकमेकांना शॉर्ट होतात आणि तो कधीच पेटत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. लांब पाय एका ओळीत, आखूड पाय शेजारच्या ओळीत. पाय कापलेले असतील तर कडेला हात लावून पाहा: जिथे कड सपाट, तो ऋण, म्हणजे मुळात आखूड असलेला पाय. लांब पायाच्या ओळीतून रेझिस्टर तिसऱ्या ओळीत न्या, तिथून वायर बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या पिनला. आखूड पाय दुसऱ्या वायरने बोर्डावरच्या ग्राउंडला (GND). यूएसबी लावा. पेटला? जोडणी बरोबर आहे. नाही पेटला तर एलईडी उलटा करून बघा.

मग ५ व्होल्टची वायर काढून पिन १३ मध्ये घाला आणि आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या बेसिक्स उदाहरणांतलं ब्लिंक, म्हणजे एलईडी लुकलुकवणारा तयार कोड, उघडा. नव्या बोर्डात ब्लिंक बहुधा आधीच भरलेलं असतं, त्यामुळे आपलं अपलोड झालं की नाही ते कळत नाही. म्हणून कोडमधले दोन्ही ठिकाणचे १००० (थांबण्याचे मिलिसेकंद) बदलून २०० करा आणि अपलोड करा. एलईडी भराभर लुकलुकला की अपलोड झालं. सॉफ्टवेअरमध्ये बोर्डाचा पोर्टच दिसत नसेल तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते. स्वस्त क्लोन बोर्डावर यूएसबीसाठी सीएच३४० चिप असेल, तर तिचा ड्रायव्हर टाकावा लागू शकतो.

पुढे वायर पिन ९ वर न्या आणि त्याच बेसिक्समधलं फेड हे उदाहरण उघडून अपलोड करा. प्रकाश दीड सेकंदात चढतो, दीड सेकंदात उतरतो. हीच वायर पिन ८ वर नेली आणि कोडमधला ९ हा पिनचा आकडा ८ केला तर एलईडी मंद होत नाही, नुसता चालू-बंद होतो. पीडब्ल्यूएम, म्हणजे पिन अतिशय वेगाने चालू-बंद करून प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय, फक्त ३, ५, ६, ९, १० आणि ११ या पिनवर मिळतं. बोर्डावर त्या आकड्यांशेजारी नागमोडी खूण छापलेली आहे.