थंड प्रदेशातील मेंढपाळांसाठी वसंत सल्ला: यंदा जंतांचे औषध कधी पाजावे?

हिवाळा कडक गेला की जंत मरतात, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. कित्येक परजीवी गारठा सहज काढतात. काही अंड्याच्या कवचात तग धरतात, काही मेंढीच्या पोटातच निपचित पडून राहतात. त्यात बर्फाचा जाड थर असला की खालची जमीन शून्य अंशाच्या आसपासच राहते, म्हणजे त्यांना आयती गोधडीच मिळते. थंड मुलखात जंतांना खरा चाप बसायचा तो तोकड्या उन्हाळ्यामुळे. वाढ पुरी होण्याआधीच पुन्हा थंडी यायची. आता उन्हाळा दोन्ही टोकांनी लांबतो आहे.

कॅनडाच्या आर्क्टिक भागात मस्कऑक्स या जनावराच्या फुप्फुसात एक जंत होतो. त्याची अळी बिनशंखाच्या गोगलगायीत वाढते. या वाढीला पूर्वी दोन उन्हाळे लागत, उबदार वर्षांत ती एकाच उन्हाळ्यात पूर्ण होऊ लागली. फिनलंडमध्ये 2003 ते 2005 या काळात रेनडिअरच्या कळपांत डासांमार्फत पसरणाऱ्या जंताची मोठी साथ आली, तीही उबदार उन्हाळ्यांच्या पाठोपाठ.

आता आपल्या कोकरांकडे वळू. वसंतात सर्वांत घातक जंत म्हणजे नेमॅटोडायरस. गेल्या वर्षीच्या कोकरांनी टाकलेली अंडी हिवाळाभर कुरणात पडून राहतात आणि थंडी सरून तापमान 10 अंश सेल्सिअसच्या वर गेले की एकदम फुटतात. ऊब लवकर आली तर कोकरे अजून दुधावरच असतात, गवताला फारसे तोंड लावत नाहीत, त्यामुळे धोका टळू शकतो. पण थंडी रेंगाळली आणि मग अचानक आठवडाभर ऊन तापले, तर हजारो अळ्या आणि 6 ते 12 आठवड्यांची चरती कोकरे यांची गाठ पडते. पाण्यासारखी हगवण लागते, कोकरू पाण्याच्या भांड्याजवळ उभे राहते आणि दोन-तीन दिवसांत दगावते. इथे लेंडी तपासून उपयोग नाही. नुकसान अळ्याच करतात, अंडी लेंडीत दिसायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून दरवर्षीची ठरलेली तारीख विसरा. कुरणात थर्मामीटर ठेवून रोजची नोंद करा आणि 10 अंश ओलांडताच पशुवैद्यकाशी बोलून घ्या. त्याहून सोपा उपाय म्हणजे गेल्या वसंतात जिथे कोकरे चरली, तिथे यंदाची कोकरे सोडू नका. सुक्या चाऱ्यासाठी राखलेले कुरण असेल तर ते त्यांना द्या. काही ठिकाणी ही अंडी आता शरद ऋतूतही फुटताना आढळली आहेत, त्यामुळे एकदा वसंत पार पडला म्हणून निर्धास्त राहू नका.

हिमॉन्कस हा रक्तपित्या जंत मूळचा उष्ण मुलखातला, पण तो उत्तरेकडेही टिकून आहे. हिवाळा तो मेंढीच्या पोटातच काढतो. याची मादी दिवसाला 5,000 हून अधिक अंडी घालते. यात बहुधा हगवण नसते, त्यामुळे फसगत होते. खालची पापणी उलटून पाहा. ती पांढुरकी दिसली किंवा जबड्याखाली मऊ सूज आली, तर थांबू नका. याच्यासाठी मात्र लेंडी तपासणी उत्तम.

यकृतातील पर्णकृमीचा बंदोबस्त आत्ताच सुरू करावा, जरी त्रास शरदात दिसत असला तरी. चिखलातली छोटी गोगलगाय हा त्याचा मुक्काम. पाणथळ तुकडे, गळकी पाण्याची टाकी, खुरांनी तुडवलेले ओढ्याचे काठ यांना कुंपण घाला. औषध निवडताना सावध राहा: अल्बेंडाझोल फक्त प्रौढ कृमीवर चालते, कोवळ्या कृमीवर नाही. शिवाय गाभण काळाच्या सुरुवातीला ते देऊ नये.

औषधाबाबत एक स्पष्ट सांगतो. लांबलेला हंगाम पाहून सगळ्या कळपाला वरचेवर पाजत सुटणे हा सर्वांत वाईट मार्ग. जे जंत औषधाला दाद देत नाहीत, तेच मग कुरणात उरतात. धडधाकट मोठ्या मेंढ्या वगळा. ज्यांना द्यायचे त्यांना वजन करून पूर्ण मात्रा द्या, अंदाजपंचे नको. पाजण्यापूर्वी आणि नंतर 14 दिवसांनी लेंडीतील अंडी मोजून घ्या. घट 95 टक्क्यांहून कमी असेल, तर औषध बदलण्याची वेळ आली आहे. विकत आणलेली जनावरे दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, तपासणी झाल्याशिवाय कुरणात सोडू नका.

गोचीडही आता पूर्वीपेक्षा उंचावर आणि उत्तरेला सापडतात. गवत वाढू लागले की कानामागे, जांघेत आणि कासेजवळ हात फिरवून पाहा. गोचिडांमुळे गाईला ताप येऊन लघवी तांबडी झाली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा.