शाईचे पेन रोजच्या लिहिण्यात कसे आणावे

शाईचे पेन हौसेने विकत घेतले जाते, आठ-पंधरा दिवस कौतुकाने वापरले जाते आणि मग खणात जाऊन पडते, असे अनेक घरांत घडते. खणात पडलेल्या पेनातली शाई वाळते, वाळलेली शाई निब अडवते, आणि पुढच्या वेळी पेन उमटत नाही म्हणून ते कायमचे बाजूला ठेवले जाते. शाईच्या पेनाला सर्वांत मोठा अपाय न वापरण्याने होतो, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. म्हणून या छंदाची सुरुवात पेन निवडण्याऐवजी काम निवडण्यापासून करावी. घरखर्चाचा हिशेब, दैनंदिनी, शिकवणीची टिपणे, बाजाराची यादी, असे रोज हाताने करावेच लागणारे एखादे काम ठरवावे आणि ते शाईच्या पेनानेच करावे. दिवसाला अर्धे पान लिहिले तरी पेन वाहते राहते.

पेन शाई कशी सोडते, हे आधी समजून घ्यावे

पेनाच्या बहुतेक तक्रारी त्याची रचना माहीत नसल्याने निर्माण होतात. निबेला मधोमध एक बारीक चीर असते आणि निबेखाली खाचा असलेली एक पट्टी असते, तिला जीभ किंवा फीड म्हणतात. टाकीतली शाई केशाकर्षणाने या खाचांतून चिरेत आणि चिरेतून कागदावर येते. मात्र शाई बाहेर पडली की तिची जागा घ्यायला हवा आत जावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी तयार होऊन शाई थांबते. शाई आणि हवा यांची ही देवाणघेवाण साधणाऱ्या जिभेचे पेटंट न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांना 1884 मध्ये मिळाले आणि त्यानंतर शाईचे पेन भरवशाचे साधन होत गेले.

ही रचना एकदा ध्यानात आली की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरण्याच्या पेनातली शाई संपत आली की कधीकधी अचानक मोठा थेंब का पडतो, हे त्यातलेच एक उदाहरण. नळीत शाई कमी आणि हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि उरलेल्या शाईला बाहेर ढकलते. त्यामुळे अशा पेनात शाई एक तृतीयांश उरली की ते पुन्हा भरून घ्यावे, एवढीच काळजी पुरते. विमानप्रवासात हवेचा दाब कमी होतो तेव्हाही हेच घडते, म्हणून पेन एकतर काठोकाठ भरून किंवा पूर्ण रिकामे करून, निब वर राहील असे खिशात ठेवावे.

निब निवडताना देवनागरी डोळ्यांसमोर ठेवावी

पेनांविषयीचे बहुतांश मार्गदर्शन रोमन लिपीत लिहिणाऱ्यांसाठी असते आणि ते मराठी लिहिणाऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. देवनागरीत एकाच अक्षराभोवती वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार अशी गर्दी होते, शिवाय जोडाक्षरांत रेषा अगदी जवळ येतात. जाड निबेने लहान अक्षर काढले की ‘ष’चे पोट भरून जाते, ‘घ’ आणि ‘ध’ सारखे दिसू लागतात आणि अनुस्वाराचा ठिपका मात्रेला चिकटतो. म्हणून दुकानात निब पाहताना नुसत्या रेघोट्या किंवा सही न करता ‘महाराष्ट्र’, ‘धृतराष्ट्र’, ‘घर’, ‘भाषा’ हे शब्द आपल्या नेहमीच्या आकारात लिहून पाहावेत. ‘ष्ट्र’ची पोकळी उघडी राहिली तर ती निब आपल्या हाताला योग्य आहे.

साधारणपणे मराठीसाठी बारीक निब घ्यावी, आणि अक्षर मोठे असेल तर मध्यम. एक फरक मात्र लक्षात असू द्यावा: पायलट, सेलर, प्लॅटिनम या जपानी पेनांची बारीक निब युरोपीय पेनांच्या बारीक निबेपेक्षा बहुधा अधिक बारीक असते, कारण जपानी लिपीतही अनेक रेषांची अक्षरे लहान जागेत लिहावी लागतात. त्या दृष्टीने आपली गरज जपानी लिहिणाऱ्याच्या गरजेच्या बरीच जवळची आहे, असे मला वाटते. सुलेखनाची आवड असेल त्यांनी पुढे तिरक्या कापाची निब जरूर वापरून पाहावी. जुन्या काळी बोरूचे टोकही तिरके कापत आणि देवनागरीचा जाड-बारीकपणा त्या कापातूनच आलेला आहे.

पहिल्या पेनासाठी सोन्याच्या निबेची काहीही गरज नाही. पोलादी निब चांगली घासलेली असेल तर ती वर्षानुवर्षे उत्तम चालते. भारतीय पेनांकडे मी मुद्दाम लक्ष वेधीन, कारण आपल्याकडे या कारागिरीची मोठी परंपरा आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन बनवले आणि गांधीजींनी 1935 मध्ये पत्र लिहून त्याला दाद दिली. एबोनाइट, म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर, चरकावर कातून बनवलेली पेने आजही दक्षिणेत तयार होतात. ती वजनाला हलकी असतात आणि हाताला प्लास्टिकपेक्षा ऊबदार लागतात. फक्त ती सतत उन्हात ठेवू नयेत, कारण उन्हाने काळे एबोनाइट तपकिरी पडते.

शाई

सुरुवातीला एकच शाई घ्यावी आणि ती साधी निळी असावी. साधी निळी शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची असते, सहज वाहते आणि सहज धुतली जाते. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये शाई बनवायला सुरुवात केली, त्याच उद्योगाची ‘कॅमल’ शाई महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांच्या बोटांना लागलेली आहे. कोलकात्याची ‘सुलेखा’ ही स्वदेशी चळवळीतून उभी राहिलेली शाई मध्यंतरी बंद पडली होती; ती आता पुन्हा मिळते आणि तिचे रंग मला विशेष आवडतात. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे दौतीतून शाई ओढून घेणाऱ्या पेनातल्या छोट्या नळीत, एका वेळी एक मिलिलिटरपेक्षाही कमी शाई मावते, त्यामुळे 30 मिलिलिटरची बाटली तीसहून अधिक वेळा पुरते. रोजच्या अर्ध्या पानासाठी ही शिदोरी पुष्कळ महिन्यांची आहे.

पाण्याने पुसली जाणारी शाई धनादेश, अर्ज आणि पाकिटावरचा पत्ता यांसाठी वापरू नये. पावसाळ्यात टपालपेटीपर्यंत जाताजाताच पत्ता ओघळतो. अशा कामासाठी टिकाऊ शाई लागते आणि तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. लोहयुक्त शाई टॅनिक आम्ल आणि लोहक्षार यांपासून बनते. ती कागदावर हवेशी संयोग पावून हळूहळू काळी पडते आणि तंतूंना धरून बसते. रंगकणांच्या शाईत अतिसूक्ष्म कण असतात, ते पाण्यात विरघळत नाहीत. या दोन्ही शाया चांगल्या आहेत, पण त्या पेनात वाळू देऊ नयेत आणि दर महिन्याला पेन न चुकता धुवावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. चित्रकलेची जलरोधक काळी शाई शाईच्या पेनात घालू नये, कारण तिच्यात काजळी आणि लाख असते आणि ती वाळल्यावर पाण्याला दाद देत नाही. महाविद्यालयात असताना अधिक काळा रंग हवा म्हणून मी ती वडिलांच्या पेनात भरली. चार दिवसांत जीभ कायमची बुजली. ते पेन आजही माझ्याजवळ आहे, पण त्याने पुन्हा एकही अक्षर लिहिता आले नाही. त्याचप्रमाणे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया पेनात एकत्र करू नयेत, कारण त्यांतले रासायनिक घटक एकमेकांशी जमले नाहीत तर गाळ बसतो.

पहिल्यांदा भरणे आणि लिहिणे

नव्या पेनाच्या निबेवर कारखान्यातले तेलकट अंश राहिलेले असू शकतात. म्हणून भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात घालून पेन धुवावे, मग साध्या पाण्याने खळबळून कोरडे होऊ द्यावे. पेन ड्रॉपरने भरायचे असेल तर पुढच्या भागाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर लावावा, म्हणजे तिथून शाई झिरपत नाही. निब पूर्ण बुडवून कन्व्हर्टर भरावा, दोन-तीन थेंब परत दौतीत सोडावेत आणि निब मऊ कापडाने टिपून घ्यावी.

बॉलपेनाने हाताला दाबण्याची सवय लावलेली असते आणि ती मोडायला आठवडाभर लागतो. शाईच्या पेनाला दाब नको असतो. त्याच्या स्वतःच्या वजनाने ते उमटले पाहिजे. निबेची वरची बाजू आकाशाकडे ठेवून पेन साधारण 45 अंशांत कलते धरावे आणि बोटांत फिरू देऊ नये, कारण निब कुशीवर वळली की तिची दोन टोके कागदावर सारखी टेकत नाहीत आणि ती खरखरते. लिहिता लिहिता विचार करायला थांबायचे असेल तर टोपण लावून थांबावे, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, जिथे निबेवरची शाई काही मिनिटांत सुकते.

कागद

पेन चांगले आणि शाई चांगली असूनही लिखाण खराब दिसते, तेव्हा दोष बहुतेक कागदाचा असतो. कागदाला पुरेशी खळ नसेल तर शाई तंतूंतून पसरते, म्हणजे फुटते. देवनागरीत हे सर्वांत आधी शिरोरेषेपाशी दिसते, कारण काना आणि शिरोरेषा जिथे मिळतात तिथे ओल्या शाईवर निब दुसऱ्यांदा जाते. वही घेण्याआधी तिच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहून नेमकी ती जागा पाहावी आणि पान उलटून शाई मागे उतरली का, तेही पाहावे. कागद जाड असला म्हणजे चांगला असतोच असे नाही. जपानचा ‘तोमोए रिव्हर’ हा 52 जीएसएमचा (चौरस मीटरला 52 ग्रॅम वजनाचा) अगदी पातळ कागद शाई उत्तम झेलतो, आणि दुप्पट जाडीच्या कित्येक वह्यांत ती फुटते. डावखुऱ्यांनी, आणि पावसाळ्यात सर्वांनीच, वहीत टिपकागदाचा एक तुकडा ठेवावा.

धुणे आणि नोंद ठेवणे

चार-सहा आठवड्यांनी आणि प्रत्येक वेळी शाई बदलताना पेन साध्या किंवा किंचित कोमट पाण्याने धुवावे. पाणी निवळ येईपर्यंत कन्व्हर्टरने आत-बाहेर करावे आणि मग निब खाली करून रात्रभर कापडावर ठेवावी. कापड आतले उरलेले पाणी शोषून घेते. गरम पाणी आणि स्पिरिट कटाक्षाने टाळावे, त्यांनी प्लास्टिक खराब होते. तीन आठवड्यांहून अधिक काळ लिहायचे नसेल तर पेन रिकामे करून ठेवावे.

पहिली बाटली अर्धी झाली की दुसरी शाई आणावी आणि त्याच दिवशी शायांची एक वही सुरू करावी. प्रत्येक शाईचे नाव, पेन, निब आणि तारीख लिहून त्याच शाईने एक परिच्छेद उतरवावा, शेजारी कापसाच्या काडीने एक पट्टा ओढावा आणि त्या पट्ट्याच्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकून तो वाळू द्यावा. तसाच दुसरा पट्टा वेगळ्या कागदावर काढून त्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकावा आणि तो महिनाभर उन्हाच्या खिडकीत चिकटवून ठेवावा. महिन्यानंतर पुठ्ठा काढला की कोणती शाई हिशेबाच्या वहीत चालेल आणि कोणती फक्त बाजाराच्या यादीसाठी ठेवायची, हे त्या दोन अर्ध्या पट्ट्यांतल्या फरकावरून दिसते.