पठारावरून गावात उतरताना

गोवा विद्यापीठात एम.ए.ला आलेल्या नव्या मुलांचं पहिलं सत्र वर्ग, ग्रंथालय आणि कॅन्टीन एवढ्यातच संपतं. 1985 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. संध्याकाळी कदंबच्या बसमधून गर्दी पणजीकडे उतरली की मागे उरतो तो वारा आणि वसतिगृहातली मुलं. सिंधुदुर्गातून किंवा कोल्हापूरकडून आलेल्यांना मग वाटतं, इथे काही घडतच नाही. घडतं, फक्त ते वेळापत्रकात दिसत नाही; ते खाली गावांत, लोकगीतं गोळा करायला गेलं की सापडतं.

सुरुवात अध्यासनांच्या व्याख्यानांपासून करा. इतिहासकार दा. ध. कोसंबी, कवी बाकीबाब बोरकर, व्यंगचित्रकार मारियो मिरांडा अशा गोमंतकीयांच्या नावाने विद्यापीठात अध्यासनं आहेत. त्यांवर बाहेरचे अभ्यासक येऊन छोटे अभ्यासक्रम घेतात आणि त्यांना विद्यापीठाबाहेरची माणसंही बसू शकतात. व्याख्यान ऐकाच, पण मागच्या रांगेतल्या माणसांकडेही लक्ष ठेवा. तिथे निवृत्त मास्तर असतात, गावच्या नाटकात आयुष्यभर स्त्रीपार्ट केलेले गृहस्थ असतात, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या सांभाळणारे असतात. चहाच्या वेळी कोपऱ्यात मोबाइल बघत उभं राहण्यापेक्षा त्यांना गाठा. मला सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्याचा, म्हणजे वस्तीचा, रस्ता असाच एका मास्तरांनी दाखवला. विभागाचं पत्र लागतं, घेऊन जावंच, पण दार उघडतं ते ‘मास्तरांनी पाठवलंय’ म्हटल्यावर.

मी धालोंची गाणी गोळा करायला गेले होते. धालो म्हणजे बायकांचा गाण्या-नाचाचा उत्सव; तो पौषात, रात्री, मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र अंगणात. बायका समोरासमोर दोन रांगा धरतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून पुढे-मागे झुलत गातात. मी मात्र दुपारी फोन घेऊन एका आजींच्या ओसरीवर बसले आणि म्हटलं, आजी, एक गाणं म्हणा ना. आजी सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बाय, तें गीत घरांत म्हणूंक जायना. मांडार यो.” मग त्यांनी फुगडीची दोन गाणी दिली, भाजी वाढली आणि बाकीच्यासाठी पौषातच बोलावलं. गेले. मांडाच्या कडेला चपला काढल्या, फोन पिशवीत ठेवला आणि पहिली रात्र नुसती ऐकली. दुसऱ्या रात्री आजींनीच विचारलं, तुझं यंत्र कुठाय?

गाण्यांमध्ये मराठी आणि कोंकणी इतक्या एकजीव असतात की ओळ कुठली, हे ठरवत बसू नका. जसं ऐकू येतं तसं लिहा. गाणारीचं नाव, वाडा, तारीख आणि तिची परवानगी त्याच रात्री टिपून घ्या, नंतर सगळ्या फायली सारख्याच दिसतात. दुपारी एक ते चार कुणाकडे जाऊ नये, गोव्यात ती विश्रांतीची वेळ. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत मुलाखती मागू नयेत. मात्र माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर रानफळं टांगायची चौकट, बांधायला हात लावायला कुणी बोलावलं तर जरूर जा. कोणतं रानफळ कुठल्या डोंगरावरून आणलं, हे ती बांधताना आपोआप कळत जातं.

पदवीच्या वर्षांत एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर केलं असेल तर गावात राहायची थोडी सवय असते. तरी त्या शिबिरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पहिल्या दिवशी स्वच्छतेवर भाषण, शेवटच्या दिवशी सांस्कृतिक कार्यक्रम, आणि त्यात गावकरी खुर्च्यांवर प्रेक्षक. ज्यांच्या अंगात कला आहे त्यांनाच आपण टाळ्या वाजवायला बसवतो.

गोळा केलेलं परत देणं, हा भाग बहुतेक जण विसरतात. पेनड्राइव्ह देऊन उपयोग नाही. आम्ही एका संध्याकाळी वाड्यावर स्पीकर लावून सगळी ध्वनिमुद्रणं ऐकवली. दोन बायकांनी तिथल्या तिथे सांगितलं की मधलं एक कडवं राहिलंय, आणि ते उभ्यानेच म्हणून दिलं. मग गाण्यांची छोटी पुस्तिका मोठ्या अक्षरात छापून घरोघर दिली. तो खर्च आमचा आम्हीच वर्गणी काढून केला. प्रकल्पाचं अंदाजपत्रक मांडतानाच ही रक्कम धरा.

पुढे नोकरीत याचा उपयोग होतो का, असं घरचे विचारतातच. होतो. गोव्यातल्या मराठी दैनिकांच्या पुरवण्यांना गावातलं ताजं लेखन हवं असतं. कला आणि संस्कृती खात्याच्या कामांसाठी किंवा पीएचडीच्या मुलाखतीत क्षेत्रकार्याची वही टेबलावर ठेवता येते. मानधन बेताचंच असतं, त्यावर घर चालेल असं समजू नका. लेख छापून आला की अंकाची प्रत वाड्यावर पोचवा. कुणाची तरी नात तो मोठ्याने वाचते, आणि तुमच्या गाईडच्या नजरेतून सुटलेल्या चुका तिथे हमखास पकडल्या जातात.