चारचौघांत वेगळे दिसताना : बघ्यांना सामोरे जाण्याची तयारी

बाहीला सेफ्टी पिनांची झालर, अर्ध्या डोक्यावर हिरवा रंग आणि दोन पायांत दोन रंगांचे बूट अशा अवतारात घराबाहेर पडायचे असेल, तर कपड्यांइतकीच रस्त्याची तयारी करावी लागते. लोक कपड्याला हसतात अशी आपली समजूत असते. पण बहुतेक वेळा ते कपड्याला नव्हे, तर तो कपडा भलत्या ठिकाणी दिसण्याला हसतात. काळा घोडा महोत्सवाच्या गर्दीत ज्या पोशाखासोबत चार जण हौसेने फोटो काढून घेतात, तोच पोशाख तासाभराने दादरच्या फुलबाजारात शिरला की भाव करणारी माणसे भाव करायची थांबतात. म्हणून काय घालायचे हे ठरले की लगेच कुठून कुठे, कसे आणि किती वाजता जायचे हेही ठरवून टाकावे.

घराचा जिना, सोसायटीचे फाटक, रिक्षा, स्टेशन, लोकल आणि मुक्कामाचे ठिकाण असे वाटेचे तुकडे पाडले की त्यातला अवघड तुकडा एखादाच आहे, हे ध्यानात येते. तेवढ्यापुरता अंगावर घ्यायला एक साधा, सैल सुती शर्ट पिशवीत ठेवावा. काहींना ही माघार वाटते, मला वाटत नाही. पावसाळ्यात छत्री बाळगणारा माणूस पावसाला घाबरला असे आपण म्हणत नाही. परतीच्या प्रवासाचा विचार मात्र जाण्याच्या आधीच करावा, कारण संध्याकाळी सहा वाजता गमतीची वाटणारी गल्ली रात्री अकराला तशी राहत नाही, आणि तेव्हा रिक्षा शोधत उभे राहण्याची वेळ येऊ नये.

याच टप्प्यावर पोशाखाची एक वेगळी तपासणी करावी. सकाळी साडेआठच्या विरार फास्टमध्ये खांद्यावर टोकदार खिळे लावलेले जाकीट घालून चढलात आणि शेजारच्या बाईच्या दंडाला ओरखडा उठला, तर तिचा राग तुमच्या फॅशनवर नसतो, तो ओरखड्यावर असतो आणि तो रास्तच असतो. लोंबणाऱ्या साखळ्या दाराच्या दांड्यात अडकतात, जमिनीवर लोळणारा घेर दुचाकीच्या चाकात जातो, उंच टाचा फलाटाच्या फटीत रुततात. म्हणून संपूर्ण पोशाख घालून घरातल्या घरात दहा मिनिटे चालावे, जिना चढून-उतरून पाहावा आणि खाली बसून उठावे. दर दोन मिनिटांनी काहीतरी सावरावे लागत असेल तर तो पोशाख अजून रस्त्यावर नेण्याजोगा झालेला नाही. स्वतःला सतत सावरणाऱ्या माणसाकडे लोक अधिक निरखून पाहतात, हा माझा तरी अनुभव आहे.

धक्का बसायला कपडे तोकडे किंवा फाटकेच असावे लागतात असे नाही, हे मनाशी पक्के असले की बराच धीर येतो. आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे जे भाषण केले, त्यात मुंबईतल्या रस्त्यांचा अनुभव सांगितला आहे. हातात पुस्तके आणि पायांत बूट-मोजे अशा वेषात त्या शाळेत निघाल्या की लोक खिडक्यांतून डोकी बाहेर काढून पाहत, कोणी त्यासाठी गाडी थांबवत, आणि बूट-मोजे घालून शाळेत जाणारी ही बाई कोण, हे कलियुगच नव्हे काय, असे मोठ्याने विचारले जाई. पायातले मोजे! आज शाळेच्या गणवेशात जी वस्तू नसली तर शिक्षा होते, तिच्यासाठी तेव्हा रस्ता थबकत होता.

रस्त्यावर उतरल्यानंतरचे पहिले काम म्हणजे समोरच्या प्रतिक्रियेची जात ओळखणे. नुसती नजर ही प्रतिक्रियाच समजू नये. डोळ्यांना नवे काही दिसले की ते तिकडे वळतातच. अशा वेळी मान खाली घालू नये आणि उलट रोखूनही पाहू नये. चालण्याचा वेग कायम ठेवून पुढच्या दुकानाच्या पाटीवर दृष्टी ठेवली की पुरते.

प्रश्न विचारणाऱ्या माणसाशी मात्र आवर्जून बोलावे, मग प्रश्नाचा सूर कितीही खोचक असो. मी एकदा अस्तर आणि शिवण बाहेर दिसेल असे जाकीट शिंप्याकडून मुद्दाम शिवून घेतले होते. ते घालून पुण्यात लक्ष्मी रोडवरून जाताना गजरे विकणाऱ्या एका मावशींनी मला थांबवले आणि हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाल्या, "बाई गं, घाईत उलटं घातलंयस." मी म्हटले, "नाही मावशी, उलटंच शिवून घेतलंय." त्यांनी बाहीची कड चिमटीत धरली, उलटसुलट करून पाहिली आणि निवाडा दिला, "शिवण बाकी सरळ आहे हो." ज्याला आपण टोमणा समजून पुढे गेलो असतो, तो निव्वळ काळजीचा शब्द निघाला. वडीलधाऱ्यांच्या अशा प्रश्नाला एका वाक्याचे, खरे आणि हसतमुख उत्तर द्यावे. कलास्वातंत्र्यावर व्याख्यान देऊ नये, कारण त्यांनी ते मागितलेले नसते.

शेरेबाजीचे तसे नाही. चौकातल्या टोळक्याला तुमचे उत्तर हवेच असते, कारण उत्तर मिळाले की खेळ लांबतो. एकदाच्या शेऱ्याकडे दुर्लक्ष करावे. पण तोच आवाज पुढच्या वळणावर पुन्हा ऐकू आला किंवा तीच दुचाकी दुसऱ्यांदा शेजारून गेली, तर मौन पुरे झाले असे समजून दिवे असलेल्या एखाद्या औषधाच्या दुकानात शिरावे, काउंटरवरच्या माणसाला मोठ्याने आणि स्पष्ट शब्दांत काय चालले आहे ते सांगावे आणि ११२ क्रमांक लावावा. मुंबईत महिलांसाठी १०३ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक आहेत. फोनवर कपड्यांचे वर्णन आधी करू नये; आधी ठिकाण, मग गाडीचा क्रमांक आणि मग घडलेला प्रकार सांगावा.

मोबाइल रोखून उभे राहणाऱ्यांना समोर जाऊन "माझा फोटो काढू नका" असे सरळ सांगावे. बरेच जण त्यानेच ओशाळतात. फोन हिसकावण्याच्या फंदात पडू नये, कारण त्या क्षणी तक्रारदार बदलतो. संमतीशिवाय शरीराच्या खासगी भागांचे चित्रण करणे हा मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे अशा वेळी माहीत असावे.

कायद्याची बाकीची बाजूही थोडक्यात समजून घ्यावी, कारण "असले कपडे घालणे गुन्हा आहे" असे ठणकावणारा एक तरी गृहस्थ भेटतोच. भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ हे इतरांना उपद्रव होईल अशा सार्वजनिक अश्लील कृत्यांविषयी आहे, चमत्कारिक कपड्यांविषयी नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ११० मध्येही असभ्य अंगप्रदर्शन आणि वर्तन यांचा उल्लेख आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका रिसॉर्टमधील कार्यक्रमाबाबतचा गुन्हा रद्द करताना तोकडे स्कर्ट घालून नाचणे हे आपोआप अश्लील ठरत नाही, असे म्हटले. ते प्रकरण बंदिस्त सभागृहातले होते, त्यामुळे रस्त्यावर काहीही चालते असा अर्थ त्यातून काढू नये. अंग झाकलेले आहे एवढी खबरदारी घ्यावी आणि मग निर्धास्त असावे. उलट, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणे किंवा हावभाव करणे यासाठी त्याच संहितेच्या कलम ७९ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्कर्ट किंवा काजळ घालणाऱ्या पुरुषांना या कलमाचा आधार मिळत नाही. त्यांना धमकी, मारहाण किंवा शांतताभंगाच्या हेतूने केलेला अपमान या कलमांकडे वळावे लागते. ही उणीव आहे आणि ती मला खटकते.

देवस्थाने, महाविद्यालये आणि कचेऱ्या यांचे नियम वेगळे असतात व ते बदलतही असतात. तुळजापूरच्या मंदिरात मे २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांना मज्जाव करणारे फलक लागले आणि त्याच दिवशी निर्णय मागेही घेतला गेला. मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये वेशाची नियमावली जाहीर केली. वाटेत असे ठिकाण असेल तर पिशवीतला सुती शर्ट बाहेर काढावा. दारावरच्या रखवालदाराने नियम केलेला नसतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालून काही साधत नाही.

सर्वांत अवघड प्रेक्षक मात्र घरात असतात. "लोक काय म्हणतील" हे वाक्य आईच्या तोंडून येते, तेव्हा ते लोक बहुधा समोरच्या फ्लॅटमधलेच असतात आणि उत्तरे तिला द्यावी लागणार असतात, तुम्हाला नव्हे. म्हणून तिला जिन्यात अचानक धक्का देऊ नये. आदल्या रात्री पोशाख पलंगावर पसरून दाखवावा, कुठे जाणार, कोणाबरोबर जाणार आणि किती वाजता परतणार हे सांगावे. संमती मिळेलच असे नाही, पण शेजारच्या काकूंनी विचारले तर "मला ठाऊक होतं" एवढे तरी तिला म्हणता येते.

पहिल्या खेपेला एखादी मैत्रीण सोबत घ्यावी. तुमच्या मागे राहून लोकांचे चेहरे टिपत व्हिडिओ करणारी नको, शेजारून चालणारी हवी. त्यानंतर शक्य असेल तर त्याच वाटेने, त्याच वेळी, लागोपाठ काही दिवस जावे. त्या उलट्या जाकिटाच्या वेळी आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांनी पहिल्या दिवशी उठून पाहिले, दुसऱ्या दिवशी बसून पाहिले, तिसऱ्या दिवशी "काय, आज पण तेच?" असे विचारले, आणि चौथ्या दिवशी मान वर न करता रजिस्टर पुढे सरकवून म्हणाले, "तुमचं पार्सल आलंय, इथं सही करा."