पोहणाऱ्या मुलांचे खांदे: पुढची ताकद, मागची उपेक्षा

फ्रीस्टाइल असो वा बटरफ्लाय, हाताच्या प्रत्येक फटक्यात पाणी मागे खेचलं जातं. त्यामुळे छातीचे आणि दंड आतल्या बाजूला फिरवणारे स्नायू दणकट होतात, तर दंड बाहेर फिरवणारे आणि खांद्याचं पातं धरून ठेवणारे स्नायू मागे पडतात. पुढे झुकलेले खांदे दिसले की लक्ष द्यायला हवं.

साधा उपाय: रबर बँड दाराच्या कडीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरा. कोपर ९० अंशांत वाकवून बरगड्यांना टेकवा, मध्ये टॉवेलची गुंडाळी धरा आणि हात सावकाश बाहेर न्या. परत येताना तर आणखी सावकाश. खरा फायदा तिथेच. १५ वेळा, २-३ फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. पण कठीण सरावाच्या आधी नको, थकलेले स्नायू सांध्याला आधार देत नाहीत.

खांदा दुखत असेल तर हाताचे पॅडल (सरावात तळहाताला लावायच्या प्लास्टिकच्या चकत्या) लगेच बंद. ‘आज फक्त किक मार’ म्हणून किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) देतात, पण हात पुढे ताणलेल्या त्या स्थितीतही दुखरा खांदा चिडतो. बोर्डाशिवाय, पाठीवर, हात अंगालगत ठेवून किक मारू द्या. रात्री दुखलं किंवा दुखणं आठवडाभर टिकलं, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.